थायरॉइड, ‘इम्युनिटी’ची पाकिटं आणि आपली गावाकडची दिनचर्या

पळसफूल

नमस्कार मंडळी. आमच्याकडे (यवतमाळ जिल्हा, दारव्ह्याच्या बाजूचं गाव) सध्या घरोघरी थायरॉइड निघतो आहे. आधी तपासणीच होत नव्हती, आता होते, म्हणून निघतो हे खरं. पण रिपोर्टवर ‘अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह’ (म्हणजे थायरॉइडच्या ग्रंथीवर उठणाऱ्या अँटीबॉडी रक्तात सापडल्या) असं छापून आलं की शहरातलं कोणीतरी हमखास सांगतं, तुमची इम्युनिटी बिघडली, ती वाढवावी लागेल. माझ्या नणंदेला एका ठिकाणी (नाव नको) काढ्याची बाटली, कसलीशी हिरवी पावडर आणि सेलेनियमच्या गोळ्या असं पाकीट देऊन पाठवलं. तेवढ्या पैशांत सोयाबीनच्या बियाण्याची बॅग आली असती. वर तोंडी सल्ला असा की तीन महिने हे घ्या, मग थायरॉइडची गोळी बंदच करू.

मला खटकतं ते हे. हा आजार, हाशिमोटो म्हणतात तो, जपानच्या हाकारू हाशिमोतो नावाच्या डॉक्टरांनी १९१२ साली पहिल्यांदा लिहून ठेवला. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच गळ्यातल्या ग्रंथीवर उठते. ग्रंथी हळूहळू झिजते, हार्मोन कमी पडतं, मग थकवा, बद्धकोष्ठ, अंगावर जास्त जाणं, केस गळणं, सूज, मन लागत नाही. मला तर ऐन मे महिन्यात, बाकीचे अंगणात उघड्यावर झोपलेले असताना, पायावर गोधडी लागायची. सासूबाई म्हणायच्या हिला बाहेरचं काही झालं. आता सांगा, जी यंत्रणा आधीच नको तिथं मारामारी करते आहे तिला खुराक घालून काय साधणार? तिची ताकद कमी नाहीच, तिचा नेम चुकला आहे.

मला फरक पडला तो कमी पडलेलं हार्मोन भरून काढणाऱ्या गोळीची वेळ बसल्यावर. गोळी उपाशी पोटी, नुसत्या पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही नको, चहासुद्धा नको. आपली गाडी अडते ती इथंच. वेचणीच्या दिवसांत डोळे उघडल्याबरोबर चुलीवर चहा चढतो. तो पोटात गेल्याशिवाय बाई कामाला लागत नाही. मी बाटली न्हाणीजवळच्या कोरड्या देवळीत ठेवली. पहाटे नळ आला की पहिला हंडा लावायचा, गोळी घ्यायची, आणि सगळी भांडी भरून होईपर्यंत चहाला हात लावायचा नाही. आमच्या नळाला धार अशी बारीक की पाणी भरेस्तोवर तास होतोच. नगरपंचायतीचे उपकार.

तुम्ही कसं जमवता ते लिहा. आणि अँटीबॉडी खरंच कमी करता येतात का, कोणाला ठाऊक असेल तर तेही.

वऱ्हाडी_गडी

ताई, लय बेस लिवलं बाप्पा. माह्या घरवालीले मागच्या दिवाळीपासून हेच हाय. डॉक्टरनं गोळी पंचाहत्तरची शंभर केली, तरी टीएसएच (थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं का वाढते थो रक्तातला आकडा) खाली याचं नावच घेत नाही. आता मले एक सांगा. आपण सोयाबीन पेरणारे लोकं. गहू दळाले नेतो तं त्यात दोन मुठी सोयाबीन टाकतोच, ताकदीसाठी. पोराईले सोयाबीनच्या वड्या आवडते. अन् मोबाइलवर लिवलं हाय का सोयाबीननं थायरॉइड होते. मंग काय, घरचं पिकवलेलं घरात आणू नोको काय?

तालुका_दवाखाना

ग्रामीण भागात बरीच वर्षं फिजिशियन आहे, म्हणून लिहितो. ज्याची त्याची गोळी त्याच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, मी सर्वसाधारण बोलतोय.

वऱ्हाडी_गडी, जेवणात आयोडीन पुरेसं असेल तर सोयाबीनने थायरॉइड होत नाही. ते फक्त गोळी आतड्यातून नीट शोषू देत नाही. म्हणून वहिनींना तीन गोष्टी विचारा. गोळीनंतर पहिली पोळी किती वेळाने पोटात जाते? गोळीसोबत अॅसिडिटीची गोळी घेतात का? (आपल्याकडे दोन्ही ‘उपाशीपोटीच्या गोळ्या’ म्हणून एकाच घोटात जातात. पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी कमी शोषली जाते.) आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सकाळीच घेतात का? त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. डोस वाढवूनही टीएसएच हलत नसेल तर मी आधी हे विचारतो. बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं. सोयाबीन खा, पण दुपारी-संध्याकाळी, आणि रोज सारख्याच प्रमाणात. आज भरपूर, उद्या शून्य असं केलं की डोस बसत नाही.

आणखी एक. डोस बदलला की सहा ते आठ आठवडे तपासणी करू नका. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच जवळपास आठवडा लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांत काढलेला रिपोर्ट दिशाभूल करतो. याच कारणाने एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरायचं नाही, दिवसा आठवली तेव्हा घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी सहसा चालतं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र विचारूनच.

निसर्गाकडे_परत

धागा एकांगी वाटला. गोळी आयुष्यभर गिळत राहणं हा काय उपाय झाला का? माझ्या चुलत बहिणीला बाळंतपणानंतर थायरॉइड निघाला होता. तिनं गुळवेलीचा काढा आणि अश्वगंधा सुरू केली, गहू पूर्ण सोडला. वर्षभरात रिपोर्ट नॉर्मल, गोळी बंद. डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी स्वतः गहू सोडून ज्वारीवर आले तर पोट हलकं, अंग हलकं.

तालुका_दवाखाना

तुमच्या बहिणीचा अनुभव खरा असणार, खोटं म्हणत नाही. पण बाळंतपणानंतर वर्षभराच्या आत होणारी थायरॉइडची सूज हा वेगळा प्रकार आहे. त्यात आधी काही आठवडे हार्मोन जास्त, मग कमी, आणि पुष्कळ जणींचं वर्ष-सव्वा वर्षात आपसूक मूळपदावर येतं. काढा घेतला असता-नसता तरी बहुधा हेच झालं असतं. अशा बायांना पुढे काही वर्षांनी कायमचा थायरॉइड होण्याची शक्यता मात्र इतरांपेक्षा जास्त, म्हणून त्यांना सांगा, वर्षातून एकदा टीएसएच करत जा.

गुळवेलीबद्दल थोडं सावध राहा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात आधीपासून ऑटोइम्यून आजार (आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उठते असे) असलेलेही होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असेल असं त्यांचं म्हणणं. वाद आहे, पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच भडकलेली आहे त्याने या वादात आपलं यकृत पणाला का लावावं? अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं. गोळी चालू असताना वर ती घेतली तर धडधड, हात थरथरणं असले प्रकार होतात, आणि आम्हाला कळतच नाही की हे कशाने.

गव्हाचं म्हणाल तर ज्यांना सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो) आहे त्यांनी गहू सोडलाच पाहिजे, आणि हाशिमोटोवाल्यांत तो इतरांपेक्षा जास्त सापडतो हेही खरं. सतत जुलाब, वजन उतरणं, लोह काही केल्या न वाढणं असं असेल तर त्याची रक्ततपासणी करून घ्या, आणि ती गहू सोडायच्या आधी करा, नंतर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. बाकीच्यांना गहू सोडून थायरॉइड बरा होतो असा भक्कम पुरावा नाही.

पळसफूल

ज्वारीला माझं अनुमोदन. पण त्यासाठी थायरॉइडचं निमित्त कशाला? आमच्या सासऱ्यांच्या काळात घरात गव्हाची पोळी सणालाच व्हायची. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी, हे आपलं जेवणच होतं. राशनचा गहू आला आणि भाकर थापणं मागं पडलं. आता शहरातले लोक तेच ताट ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून आपल्यालाच विकतात.

गटप्रवर्तक

मी आशा ताईंची गटप्रवर्तक आहे. वरती लोहाच्या गोळीचं आलं, ते फार मोलाचं. आमच्याकडच्या बहुतेक बायांचं रक्त कमी असतं. आम्ही गोळ्या देतो, आणि त्या घेतात कधी? सकाळी, कारण जेवणानंतर मळमळतं म्हणतात. थायरॉइडची गोळीही तेव्हाच. मग थायरॉइडची वाया. आता मी घरभेटीत दोन्ही बाटल्या बाहेर काढायला लावते. थायरॉइडची पहाटे, लोहाची रात्रीच्या जेवणानंतर लिंबाच्या फोडीसोबत. कार्डावर सूर्य आणि चंद्र काढून देते, वाचता येत नसलं तरी चालतं.

मिठाचं पण सांगते. मोबाइलवर वाचून लोकांनी आयोडीनचं मीठ सोडून सैंधव आणलंय, ‘थायरॉइडला आयोडीन वाईट’ म्हणून. लहान लेकरं, पोटुशी बाई, सगळ्यांना एकच मीठ. हे डॉक्टरांनी जरा समजावून लिहा.

तालुका_दवाखाना

ताई, तुमच्या सूर्य-चंद्राला सलाम.

मीठ बदलू नका. देशात १९६२ पासून गलगंडाविरुद्ध कार्यक्रम चालू आहे, त्याचं नाव १९९२ मध्ये बदलून आयोडीनच्या कमतरतेने होणाऱ्या सगळ्या विकारांसाठी केलं, कारण प्रश्न नुसत्या गळ्याच्या गाठीचा नाही, पोटातल्या बाळाच्या मेंदूचा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी २५०. घरातल्या मिठात ते दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे. एवढ्याने हाशिमोटो बिघडत नाही. बिघडतो तो ‘थायरॉइड सपोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या समुद्री शेवाळाच्या गोळ्यांनी, ज्यांत आयोडीन गरजेच्या कितीतरी पट असू शकतं. पाकिटातल्या हिरव्या पावडरीवर काय लिहिलंय ते पळसफूल यांनी बघावं.

सेलेनियमने काही अभ्यासांत अँटीबॉडीचा आकडा खाली आला, पण माणसाला बरं वाटलं किंवा गोळी सुटली असं ठामपणे दिसलेलं नाही. जास्त झालं तर उलट केस गळतात, नखं तुटतात. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच.

झाडीपट्टी

गडचिरोलीकडून. आमचे प्रश्न जरा वेगळे. लोहाच्या गोळ्या म्हणता, पण आमच्या भागात सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. त्यांनी लोह विचारल्याशिवाय घेऊच नये, रक्त कमी दिसतं म्हणून सरसकट देऊन चालत नाही.

दुसरं म्हणजे ऊन. टिनाचं छप्पर, बाहेर ४५ अंश, घरात भट्टी. बाटलीवर लिहिलेलं असतं थंड, कोरड्या जागी ठेवा. ती जागा कुठून आणू? मेडिकलवाला बाटली फोडून कागदाच्या पुडीत वीस-वीस गोळ्या देतो, त्या तर पावसाळ्यात मऊ पडतात.

तालुका_दवाखाना

सिकलसेलचं अगदी बरोबर, लिहायला हवं होतं.

पुडी घेऊ नका. उष्णता, उजेड आणि ओल या तिघांनी ही गोळी कमजोर होते. मूळ बाटली घ्या, झाकण घट्ट, आतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका. मातीच्या भिंतीतली उत्तरेकडची देवळी, धान्याच्या कोठीमागचा कोपरा, जिथं ऊन पोचत नाही अशी जागा. माठाजवळ नको, ओल धरते. चुलीच्या खोलीत नको, टीव्हीवर नको, मोटरसायकलच्या डिक्कीत तर नकोच. जनऔषधी केंद्रात ही गोळी स्वस्तात मिळते, ती चालते. फक्त आज एका कंपनीची, उद्या दुसरीची असं करू नका, आणि बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

रात्रीची_लाईन

बाईमाणसांच्या धाग्यात घुसतो, माफी असावी. हा आजार बायांना कितीतरी पट जास्त, पण मला आहे. मी अकोल्याकडचा. सगळीकडे लिहिलेलं असतं, ‘आठ तास झोप घ्या, ताण टाळा, सकाळी चाला.’ आमच्या फीडरला हरभऱ्याच्या दिवसांत थ्री-फेज लाईन रात्री येते. पाणी रात्री द्यावं लागतं. ज्या रात्री लाईन नाही त्या रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगायी) येतात, मग जागल. झोप उजाडल्यावर, तीही तुकड्यातुकड्यानं. गोळी मग कधी उपाशीपोटी? रात्रभर मधेमधे चहा चालू असतो. चालण्याचं तर विचारूच नका, बांधाबांधानं किती होतं ते माझे पाय जाणतात.

कापसाचा भाव आणि सोसायटीचं कर्ज यांचा ताण टाळायची गोळी असेल तर तेवढी सुचवा.

पळसफूल

भाऊ, माफी कसली. हे कोणीतरी लिहायला हवंच होतं. ते दिनचर्येचे सल्ले लिहिणाऱ्यांनी एक रात्र तुमच्या मोटरपंपाजवळ काढावी.

तालुका_दवाखाना

रात्रीची_लाईन, त्या सल्ल्याचं ओझं घेऊ नका. झोप, हालचाल, ताण यांनी माणसाला बरं वाटतं, वजन आणि मन ताळ्यावर राहतं, पण झोप झाली नाही म्हणून तुमचा हाशिमोटो वाढला असा हिशोब कोणी मांडून दाखवू शकत नाही. तुमची मेहनत भरपूर आहे, व्यायामाची काळजी सोडा. झोप मिळेल तेव्हा अंधार करून सलग घ्या, एवढंच.

गोळी सकाळीच हवी असं काही नाही. शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. तुम्ही आठला जेवत असाल तर अकरा-साडेअकराला, मोटर सुरू करताना, आणि मग तासभर चहा नको. वेळ कोणतीही निवडा, पण रोज तीच.

थकवा राहिलाच तर सगळं थायरॉइडच्या माथी मारू नका. बी-१२, हिमोग्लोबिन, साखर बघून घ्या. या आजाराच्या लोकांत बी-१२ कमी पडण्याचं आणि टाइप-१ मधुमेहाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. आणि मन सतत खचलेलं असेल, नको ते विचार येत असतील तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेलिमानस म्हणून सरकारी फोनसेवा आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

सूनबाई_नेर

मी आजवर नुसती वाचत होते, आज धीर करून विचारते. लग्नाला दीड वर्ष झालं. टीएसएच थोडासाच जास्त, अँटीबॉडी पॉझिटिव्ह, २५ ची गोळी दिली आहे. सासूबाई म्हणतात रोजची गोळी खाल्ली तर मूल राहत नाही. आणि श्रावणात सोमवारी गोळीनं उपवास मोडतो म्हणून घेऊ देत नाहीत.

गटप्रवर्तक

बाळा, उलट आहे. थायरॉइड बरोबर नसला तर राहायला वेळ लागतो, राहिलेलं पडण्याची भीती असते. सासूबाईंना माझ्यासारखं कोणी भेटू दे, मी चहा पीत पीत समजावते. उपवासाचं म्हणशील तर आमच्या आईचं साधं होतं, औषधाला अन्न म्हणत नाहीत.

तालुका_दवाखाना

गटप्रवर्तक ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. त्यात भर एवढीच. मूल हवं असेल तर आत्ताच डॉक्टरांना तसं सांगा, ते टीएसएच अडीचच्या खाली ठेवायचा प्रयत्न करतील. पाळी चुकली आणि तपासणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात दाखवा, पहिल्या सोनोग्राफीची वाट बघू नका. गरोदरपणी गोळीची गरज साधारण पाव ते एक तृतीयांश वाढते आणि पहिले महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. पुढे दर चार-सहा आठवड्यांनी टीएसएच. बाळंतपणानंतर डोस पुन्हा खाली येतो. अंगावर पाजताना गोळी चालते.

पळसफूल, तुमचा अँटीबॉडीचा प्रश्न राहिला. एकदा पॉझिटिव्ह आली की निदान झालं, पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका. आकडा पाचशे असो की तेराशे, उपचार टीएसएच बघूनच ठरतो. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या आधी दोन दिवस बंद ठेवा, रिपोर्ट चुकीचा येतो.

निसर्गाकडे_परत

काढ्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण बहिणीला टीएसएच करायला सांगितलंय.

वऱ्हाडी_गडी

डॉक्टरसाहेब, पाहिलं. तिन्ही गोष्टी आमच्या घरी निघाल्या! थायरॉइडची, अॅसिडिटीची, कॅल्शियमची, तिन्ही गोळ्या एकाच गिलासात, अन् मागून लगेच सोयाबीनवाली पोळी. आता कॅल्शियम रातच्याले केलं, दळण येगळं केलं. घरवाली म्हणते अॅसिडिटीची गोळी कायले लागते ते तुमचा तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद झाला का समजन. आता मले सांगा, माह्या खर्ऱ्यानं तिले अॅसिडिटी कशी होईन?

तालुका_दवाखाना

वैद्यकशास्त्रात याचं उत्तर नाही, पण वहिनी बरोबर बोलत असाव्यात. अॅसिडिटीची गोळी खरंच लागते का ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, आणि टीएसएच आता दोन महिन्यांनीच करा. त्याआधी डोस वाढवू देऊ नका, नाहीतर औषध नीट शोषायला लागल्यावर शंभरची गोळी जास्त होईल.